मला एक रात्र झोप पाहिजे

गेल्या पावसाळ्यात आमच्या कांदिवलीच्या सल्ला केंद्रावर एक आजी आल्या. साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू, हातात भिजलेली छत्री. दंडावर काळंनिळं झालेलं. अर्ज भरून घेणारी आमची तरुण कार्यकर्ती सवयीनं विचारू लागली. कोणी मारलं? मुलानं. दारू पितो का? "नाही गं, आजारी आहे. डोक्यानं." पोलिसात तक्रार द्यायची आहे का? नाही. हॉस्पिटलात दाखल करायचं आहे का? नाही. मग आजी, तुम्हांला काय हवं आहे? आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मला एक रात्र झोप पाहिजे."

आमच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. मारहाण, पोटगी, हुंडा, घराचा हक्क, मुलांचा ताबा, सगळ्यांना रकाने होते. कार्यकर्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी जुनी, मला माहीत असेल असं तिला वाटलं. मला माहीत होतंच. माझ्या घरी तीस-पस्तीस वर्षं हेच चाललेलं आहे, आणि संघटनेच्या एकाही बैठकीत मी ते कधी बोलले नव्हते.

आज बोलते.

माझा धाकटा भाऊ १९८८ साली बाविसाव्या वर्षी आजारी पडला. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात नोकरी गेली, आणि फंडाचे जे पैसे हाती आले ते चारकोपच्या प्लॉटमध्ये घातले. जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं तिथे छोटे छोटे प्लॉट पाडले होते. पस्तीस-एक घरांची एक सोसायटी आणि मधोमध सगळ्यांचं मिळून एक अंगण. त्या अंगणात माझा भाऊ रात्री दोन वाजता उभा राहून, कुणालाही न दिसणाऱ्या माणसांशी भांडायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. आईनं ते चार भिंतींच्या आत ठेवलं. "नसांचा अशक्तपणा आहे," असं बाहेर सांगायचं ठरलं.

१९९१ साली त्याचं लग्न केलं. लग्न झालं की डोकं ताळ्यावर येईल, असं नातेवाईक म्हणत होते. कोकणातली बारावी झालेली मुलगी होती. तिच्या घरच्यांना आम्ही सांगितलं, मुलगा जरा अबोल आहे. मैत्रिणींनो, त्या वर्षी मी हुंड्याविरुद्धच्या पथनाट्यात काम करत होते. वस्त्यावस्त्यांतून सासरच्यांचे अन्याय ओरडून सांगत होते. आणि घरच्या मांडवात मी मुकाट्यानं अक्षता टाकल्या. दहा महिन्यांनी ती मुलगी माहेरी निघून गेली. आई म्हणाली, मुलगीच बरी नव्हती. मी तेही ऐकून घेतलं.

का गप्प बसले? एक कारण लाज. दुसरं कारण मात्र आपल्या चळवळीतलं आहे, आणि त्यावर मोकळेपणी बोलायला हवं.

आपण स्त्री संघटनांमध्ये काम सुरू केलं तेव्हा 'वेडी' हा शब्द आपल्यापुढे आला तो नवऱ्यांच्या तोंडून. बायको नकोशी झाली की ती वेडी. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि त्याचा आधार घेऊन किती जणींना घराबाहेर काढलं ते आपण पाहिलं. नुसतं स्किझोफ्रेनियाचं लेबल लावून घटस्फोट मिळत नाही, आजाराचं स्वरूप इतकं गंभीर हवं की एकत्र राहण्याची अपेक्षाच धरता येऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात सांगावं लागलं. २०१३ साली कोल्लम चंद्रशेखर खटल्यात पुन्हा सांगावं लागलं. त्यातली पत्नी स्वतः डॉक्टर होती. तेव्हा आपण मानसोपचाराकडे संशयानं पाहिलं ते योग्यच होतं. 'ती वेडी नाही, तिच्यावर अन्याय झाला आहे' हे आपलं वाक्य खरंच होतं.

पण त्या वाक्यात एक बाई राहून गेली. जिच्या घरात खरोखरच आजार आहे ती. औषधाची वेळ सांभाळणारी, चाकू-कात्री लपवून ठेवणारी, शेजाऱ्यांची बोलणी खाणारी, लग्नकार्याला न जाणारी. ती आपल्याकडे आली तर आपण काय विचारणार? तुमच्यावर अन्याय कोण करतो? तिच्याकडे उत्तर नाही. जो मारतो त्याच्यावर तिची माया आहे, आणि तो स्वतःही सुखात नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला मारत नाहीत. उलट मार खाणारी, फसवली जाणारी, कोंडून ठेवली जाणारी हीच माणसं अधिक. पण एखाद्या घरात आई मार खात असेल तर 'आजारी आहे, सहन करा' असं आपण म्हणायचं नाही. तिला सुरक्षित जागा हवी आणि त्याला उपचार हवेत. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

'कुटुंबानं सांभाळावं' असं सरकार म्हणतं, डॉक्टर म्हणतात, न्यायालयं म्हणतात. कुटुंब म्हणजे कोण? १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाईकांना आवारात तंबू टाकून राहायला दिलं. नातेवाईक जवळ असले की रुग्ण लवकर सावरतो आणि घरी परत जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे वेल्लोरलाही तसंच झालं. जगात इतरत्र रुग्णाला घरापासून तोडत होते तेव्हा आपल्याकडे घराला उपचारात आणलं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तंबूत घरातलं कोण बसलं, त्याचा रोजगार कुणी भरून दिला, मागे राहिलेल्या मुलांना कुणी जेवू घातलं, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. तो आपण विचारायचा. इटलीनं १९७८ साली कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. जिथे वस्तीपातळीवरच्या सेवा वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत तिथे सगळा भार घरांवर आला. दरवाजे उघडणं चांगलंच, पण दाराबाहेर कोण उभं आहे तेही पाहावं लागतं.

आपल्या देशाचं २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण सांगतं की घरकाम करणाऱ्या बाया रोज सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदल्याच्या घरकामात घालवतात, करणारे पुरुष ९७ मिनिटं. घरातल्या माणसांची देखभाल करण्यात बायांची १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. आणि रात्री कानोसा घेत पडून राहणं कुठल्या रकान्यात मोजायचं? दार वाजलं का, तो उठला का, गॅसचा वास येतोय का, हे काम चोवीस तासांचं आहे आणि मिनिटांत सापडत नाही.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. त्या वर्तुळात दोन सुंदर शब्द रुजले. आजारी माणूस तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. तिथे घरची माणसं एकत्र बसून बोलतात, एकमेकांकडून शिकतात. याच विषयावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ साली आला. त्यात आजारी भावाला बहीण आपल्या घरी आणते. तो पाहताना माझी काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको. 'शुभंकर' हा शब्द मला आवडतो. फक्त एवढंच म्हणते, शब्द पुल्लिंगी आहे आणि काम करणारी बहुतेक घरांत बाई आहे.

आता आमच्या अंगणाची गोष्ट सांगते, कारण हा लेख तिच्यासाठीच लिहिते आहे.

१९९६ साली एका रात्री भावानं समोरच्या घराच्या काचा फोडल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा. "त्याला ठाण्याला टाका, नाहीतर घर विका," असं दोघांनी ठणकावून सांगितलं. वडील मान खाली घालून बसले होते. आई, जी कधी सभेत बोलली नव्हती, ती उभी राहिली. म्हणाली, "त्याला स्किझोफ्रेनिया आहे. डायबेटीससारखा आजार आहे, गोळ्या चुकल्या की वाढतो. काचेचे पैसे मी देते. पण मी एकटी पडले आहे. दर गुरुवारी दोन तास मला भजनाला जायचं आहे. त्याच्याजवळ कोण बसेल?"

सभेत कुणीच बोललं नाही. संध्याकाळी ज्यांच्या काचा फुटल्या होत्या त्याच समोरच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, गुरुवारी मी बसते.

तिथून सुरुवात झाली. त्याला नाव नव्हतं, ठराव नव्हता. काकू गुरुवारी बसत. कोपऱ्यावरची नर्सबाई महिन्याच्या इंजेक्शनची तारीख लक्षात ठेवी. दोन घरांतल्या बाया आळीपाळीनं केसपेपरच्या रांगेत सकाळी लवकर जाऊन उभ्या राहत, म्हणजे आईनं त्याला घेऊन नंतर पोचलं तरी चाले. एक रिक्षावाला होता, त्यानं सांगून ठेवलं की रात्री कितीही वाजता हाक मारा. कुणी नुसतंच येऊन आईबरोबर चहा प्यायचं. आणि भावाला काम मिळालं. सोसायटीचा पाण्याचा पंप पहाटे चालू-बंद करायचा, थोडं मानधन मिळायचं. त्या कामात त्यानं फार क्वचित चूक केली.

सगळं गोड नव्हतं. निम्मी घरं कधी आली नाहीत. काहींनी मुलांना आमच्या दारावरून जाऊ दिलं नाही. एक बाई सारख्या 'जेवलास का, झोपलास का' म्हणून मागे लागत. भावानं आईला सांगितलं, ह्या नकोत, काकू येऊ देत. आईनं ऐकलं. ही गोष्ट मी तेव्हा किरकोळ मानली, आज मोठी मानते. कोणाची मदत घ्यायची हे आजारी माणसालाही ठरवता आलं पाहिजे. नाहीतर आधाराचा पहारा व्हायला वेळ लागत नाही.

तरी त्या वर्षांत आई भजनाला गेली, मंगळागौरीला गेली, एकदा पंढरपूरला जाऊन आली. आणि भावाला एकदाही साखळी बांधावी लागली नाही. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागून साखळ्यांनी बांधलेली माणसं जळून मेली. ती बातमी वाचून आई म्हणाली, "त्यांच्या आयांना गुरुवार मिळाला नसेल."

पुढे अंगण पांगलं. घरांवर मजले चढले, काहींनी घरं विकली आणि विरार-नालासोपाऱ्याला गेले. काकू गेल्या. २०१४ साली आई गेली. भावाला मी माझ्याकडे आणलं. आणि आईनं १९९६ साली जे सोडलं होतं ते मी पुन्हा सुरू केलं. कुणाला काही सांगितलं नाही. २०१५ साली मात्र धीर करून त्या मुलीला, म्हणजे माझ्या तेव्हाच्या वहिनीला भेटले आणि माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तेव्हा बोलला असता तर मी सुटले असते. आणि त्यालाही वेळेवर औषध मिळालं असतं." दोन्ही खरं आहे. गप्प बसण्यानं दोघांचंही नुकसान झालं.

कुणी विचारेल, सात बायांनी फुकट राबून सरकारचं काम केलं, याचं कौतुक कसलं? हा आक्षेप मला मान्य आहे. एका बाईच्या अंगावरचं ओझं सात बायांत वाटणं म्हणजे मुक्ती नव्हे. म्हणून शेजारधर्म आणि हक्क या दोन्ही गोष्टी एकत्र मागायच्या.

हक्क कागदावर आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ मध्ये मानसिक आरोग्य सेवा हा हक्क आहे, आणि रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, अर्ध्या वाटेवरची निवासगृहं, घरी राहून पुनर्वसन हे सारं सरकारनं द्यायच्या सेवांत येतं. कलम १९ सांगतं की समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि कुटुंबानं टाकलेल्या माणसाला घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी कायदेशीर मदत द्यायची आहे. टाकलेल्या बायकांसाठी हे कलम आपण किती वेळा वापरलं? कलम १४ प्रमाणे कोणीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नवरा किंवा भाऊच असला पाहिजे असं नाही. त्या व्यक्तीची संमती असेल तर मैत्रीणही चालते. ज्या बाईला नवराच वेडी ठरवू पाहतो तिच्यासाठी हा एक कागद मोठं संरक्षण आहे. आणि कायद्यातल्या 'काळजीवाहक' या शब्दात नातेवाईकांबरोबर दुसरी कोणीही सोबत राहून सांभाळणारी व्यक्ती येते.

आपल्या भागात कामंही झाली आहेत. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी १९८८ साली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन ते त्यांच्या गावी घरी पोचवतात. २०१८ साली डॉ. भरत वटवानी यांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'तराशा' प्रकल्पानं २०११ पासून मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या राहण्याची आणि रोजगाराची घडी बसवण्याचं काम केलं. ही मोठी कामं आहेत. पण कुणाला घरी पोचवलं की त्या घरात सांभाळणारीचं काम सुरू होतं, आणि तिथे आपली गरज आहे.

शिवाय आजारी माणूस बाई असेल तर? मुलगा आजारी असला तर आई जन्मभर बसते. सून आजारी पडली, बाळंतपणानंतर तिचं मन बिघडलं, तर तिला माहेरी धाडतात. माहेरी भावजय विचारते, किती दिवस? त्या सुनेच्या उशाशीही कोणीतरी बसलं पाहिजे. आपल्या गटांनी ही पहिली जबाबदारी मानावी.

माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक महिला मंडळानं, बचत गटानं एक यादी करावी. दोन तास बसायला कोण येईल, ओपीडीच्या रांगेत कोण उभं राहील, रात्री कोणाला हाक मारायची. यादीत पुरुषांची नावं असलीच पाहिजेत, निम्मी. आजारी माणसाला विचारूनच माणूस ठरवावा. कोंडणं आणि बांधणं यात आपण सामील व्हायचं नाही. त्याच्या किंवा तिच्या संमतीनं नामनिर्देशनाचा कागद, अपंगत्वाचा दाखला करून घ्यायला मदत करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, हे अजून पुष्कळ घरांना ठाऊक नाही. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक प्रत्येक घराच्या दारामागे लिहून ठेवावा. आणि सगळ्यांनी मिळून महापालिकेकडे मागणी करावी. प्रत्येक वॉर्डात दिवसभर बसता-काम करता येईल असं केंद्र हवं, औषधं घराजवळच्या दवाखान्यात मिळायला हवीत, आणि सांभाळणारीला महिन्यातून काही दिवस सुटी मिळेल अशी निवासाची सोय हवी. वस्तीतल्या ज्या बाया हे काम करतील त्यांना मानधन हवं.

त्या आजींचं काय झालं? त्या दिवशी मी पहिल्यांदा केंद्रात माझ्या घरची हकीगत सांगितली. मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलाला विचारलं, आज रात्री तुझ्यासोबत कोणी दुसरं थांबलं तर चालेल का? त्यानं बराच वेळ विचार करून शेजारच्या एका तरुणाचं नाव घेतलं. तो तयार झाला. आमच्यातला एक पुरुष कार्यकर्ता त्याच्याबरोबर थांबला. आजी माझ्या घरी आल्या, माझ्या भावाशेजारी बसून जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत झोपल्या.

उठल्यावर बोलता बोलता कळलं की मुलाची औषधं चार महिने बंद होती. गुडघे दुखत असल्यामुळे आजींना रांगेत उभं राहवत नव्हतं, आणि त्याला एकट्याला पाठवायचा धीर होत नव्हता. एवढंच कारण होतं. पुढच्या मंगळवारी आमची कार्यकर्ती त्या दोघांबरोबर गेली. औषधं सुरू झाली. अजून सगळं सुरळीत नाही, पण दंडावर नवे वण नाहीत.

आमच्या अर्जात आता एक रकाना वाढवला आहे. घरात कोणी आजारी आहे का, आणि त्यांना सांभाळणारीला कोण सांभाळतं? तुमच्या गटानं आपली यादी केली की आम्हांला कळवा. पुढच्या अंकात त्यावर सगळ्यांनी मिळून बोलू.